स्तनातली गाठ काढण्याआधी तिचे नाव कळू द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाने ऑक्टोबर महिन्यात स्तनाच्या कर्करोगावर काढलेली पुरवणी मी अथपासून इतिपर्यंत वाचली. गाठ दुखत नाही म्हणून अंगावर काढू नये, लाजेपोटी लपवू नये, सुगी आणि सणवार आटोपेपर्यंत बाईची तपासणी पुढे ढकलू नये, हे त्यातले सांगणे योग्यच आहे आणि ते दरवर्षी छापले गेले पाहिजे. मात्र एका वाक्यापाशी मी अडले. गाठ कर्करोगाची आहे असे ठरले की वेळ न दवडता शस्त्रक्रिया करून घ्यावी, अशा अर्थाचे ते वाक्य होते. स्तनाच्या नेहमीच्या कर्करोगातही अलीकडे अनेकदा आधी केमोथेरपी आणि मागाहून शस्त्रक्रिया असा क्रम असतो, पण तो मुद्दा मी येथे बाजूला ठेवते. स्तनात होणारा एक कर्करोग असा आहे की ज्यात स्तन काढण्याने रुग्णाला काहीही लाभ होत नाही, उलट खऱ्या उपचाराला उशीर होतो. त्याला स्तनाचा प्राथमिक लिम्फोमा म्हणतात. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. जिल्ह्याच्या गावी तीस-पस्तीस वर्षे सूक्ष्मदर्शकापुढे बसून आता निवृत्त झाले आहे, आणि या आजाराबद्दल लिहिणे हे माझ्यावरचे एक जुने देणे आहे.

स्तनाचा नेहमीचा कर्करोग दुधाच्या नलिकांच्या आणि ग्रंथींच्या अस्तरातून उगवतो. लिम्फोमा मुळात स्तनाच्या पेशींचा नसतोच. आपल्या रोगप्रतिकारशक्तीतल्या लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशी रक्तात, लसिकाग्रंथींत, प्लीहेत, आतड्यात आणि थोड्या संख्येने स्तनातही असतात. त्यांच्यातली एखादी बिघडली आणि बेसुमार वाढू लागली की लिम्फोमा होतो. बहुतेक वेळा तो मानेत, काखेत किंवा जांघेत गाठींच्या रूपाने दिसतो. क्वचित मात्र त्याची सुरुवात स्तनातच होते, फार तर त्याच बाजूच्या काखेत अवधाण आल्यासारखी गाठ लागते आणि बाकी शरीरात काही सापडत नाही. अशाच रुग्णांना प्राथमिक म्हणायचे, ही व्याख्या वाइजमन आणि लिआओ या दोघांनी १९७२ साली घातली आणि थोड्याफार फरकाने ती आजही चालते. तपासणीसाठी पुरेसा तुकडा हाती असला पाहिजे, त्यात स्तनाची ऊती आणि लिम्फोमा शेजारी शेजारी दिसले पाहिजेत, आणि रुग्णाला आधी दुसरीकडे कुठे लिम्फोमा झालेला नसला पाहिजे, अशा त्यांच्या अटी आहेत.

हा आजार विरळा आहे, हे मी आधीच मान्य करते. स्तनाच्या एकूण कर्करोगांत त्याचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. म्हणून एवढ्या विरळा गोष्टीसाठी वर्तमानपत्राची जागा का अडवावी, असे कुणी विचारील. २०२२ मध्ये भारतात स्त्रियांच्या स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण असल्याचा ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीचा अंदाज होता. अर्धा टक्का न धरता त्याच्या निम्म्याने धरले, तरी वर्षाला चारशे-पाचशे बाया होतात. यातली प्रत्येक बाई कुठल्या तरी तालुक्यातल्या सर्जनपुढे हातात एक रिपोर्ट घेऊन बसणार आहे, आणि त्या रिपोर्टावर काय लिहिले आहे यावर तिचे पुढचे सहा महिने ठरणार आहेत.

१९९६ साली असा एक रिपोर्ट मी लिहिला होता. पन्नाशी ओलांडलेल्या एका बाईंच्या उजव्या स्तनात गाठ होती. ती दोन महिन्यांत लिंबाएवढीची संत्र्याएवढी झाली होती, दुखत नव्हती, कातडी लाल नव्हती, बोंड आत ओढले गेलेले नव्हते. सर्जननी सुई घालून पेशी काढल्या, काचेवर पसरल्या आणि त्या काचा माझ्याकडे आल्या. मोठ्या, गोल, गडद केंद्रकाच्या पेशी सगळीकडे दाटीने पडलेल्या होत्या. मी त्या फक्त हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिनने रंगवल्या. हवेत वाळवून गिम्साने रंगवलेली एकही काच माझ्यापुढे नव्हती, आणि मी ती मागितलीही नाही. कर्करोगाच्या पेशी आहेत, नलिकेचा कर्करोग, असा रिपोर्ट दिला. चार दिवसांनी बाईंचा स्तन आणि काखेतल्या गाठी शस्त्रक्रियेने काढल्या गेल्या.

काढलेला स्तन बादलीतून माझ्याच टेबलावर आला. नेहमीचा कर्करोग कापताना सुरीखाली कच्चा पेरू कापल्यासारखे कर्र होते आणि हाताला खर लागते. या गाठीतून सुरी आवाज न करता सरकली. आतला भाग गुलाबट पांढरा, एकसारखा, मऊ, ताज्या माशाच्या तुकडीसारखा होता. सुरी हातात असतानाच माझ्या मनात चर्र झाले. मी काचा पुन्हा काढून पाहिल्या. कर्करोगाच्या पेशी एकमेकींना धरून पुंजक्यांनी राहतात, इथे प्रत्येक पेशी सुटी होती. गिम्सा केला असता तर त्या पेशींच्या मधल्या जागेत फिकट निळसर कण विखुरलेले दिसले असते. लिम्फोसाइट फुटल्यावर त्यांच्या पेशीरसाचे तसे कण मागे राहतात आणि लिम्फोमाची ती ओळखीची खूण आहे. तुकडे मुंबईला पाठवले. त्या काळी प्रतिपिंडांनी रंगवण्याची तपासणी आमच्याकडे नव्हती. तीन आठवड्यांनी उत्तर आले: डिफ्यूज लार्ज सेल लिम्फोमा.

जखम भरून यायला वेळ लागला, काखेतले पाणी दोनदा काढावे लागले आणि त्यामुळे केमोथेरपी जी तिसऱ्या आठवड्यात सुरू व्हायची ती आठव्या आठवड्यात सुरू झाली. केमोथेरपीला आजाराने चांगला प्रतिसाद दिला आणि बाई बऱ्या झाल्या. उजवा हात मात्र कायमचा सुजला. काखेतल्या गाठी सरसकट काढल्यावर हाताची लसिका वाहून जायला वाट उरत नाही, त्याचा हा परिणाम. भाकरी थापायचा तोच हात होता. दोन वर्षांनी कुठल्याशा रक्ततपासणीसाठी त्या माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांनी मला अगदी साधेपणाने विचारले, "बाई, औषधानंच बरं व्हायचं होतं, मग काढलं कशाला?" मी त्यांना सगळे सांगितले. रिपोर्ट माझा होता, हेही सांगितले.

तेव्हा आणि आता यात पुष्कळ फरक पडला आहे, म्हणून आजच्या बाईने आणि तिच्या घरच्यांनी काय मागावे ते लिहिते. मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी या तपासण्या गाठ संशयास्पद आहे एवढे सांगतात, लिम्फोमा आहे असे ठामपणे सांगू शकत नाहीत. लिम्फोमाच्या गाठीत चुन्याचे बारीक कण सहसा नसतात, कडांना काट्यांसारखी टोके फुटलेली नसतात, कधी कधी तर गाठ इतकी गोलसर आणि सुबक दिसते की साध्या फायब्रोअॅडेनोमाचा, म्हणजे कर्करोग नसलेल्या गाठीचा, भास व्हावा. तेव्हा मोठ्या वयात नव्याने आलेली आणि भराभर वाढणारी गाठ मॅमोग्राफीत निरुपद्रवी दिसली तरी तिचा तुकडा घेतलाच पाहिजे. ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणे ही लिम्फोमाची पाठ्यपुस्तकी लक्षणे स्तनाच्या लिम्फोमात बहुतेक वेळा नसतात, त्यामुळे ती नाहीत म्हणून निश्चिंत राहता येत नाही.

तुकडा घ्यायचा तो बारीक सुईने पेशी ओढून नव्हे, तर ट्रूकट सुईने, म्हणजे गाठीच्या आतली रचना जशीच्या तशी दिसेल असे तीन-चार लांबट तुकडे काढून. बारीक सुईच्या तपासणीला मी कमी लेखत नाही; अनुभवी डोळ्याला ती संशय देते आणि स्वस्तात देते. पण तेवढ्यावर स्तन काढू नये, हे मी माझ्या हाताने केलेल्या चुकीतून शिकले. आपल्याकडे गाठीला सुई लावली की रोग पसरतो असा एक समज घट्ट रुजलेला आहे आणि शिकलेले लोकही तो बोलून दाखवतात. ट्रूकट बायोप्सीने आजार पसरून रुग्णाचे नुकसान होत नाही. तुकडा न घेता केलेल्या शस्त्रक्रियेने झालेले नुकसान मात्र मी पाहिले आहे.

तुकडा घेतल्यानंतर तो प्रयोगशाळेत कसा पोचतो याकडे फार कुणाचे लक्ष नसते. औषधाच्या रिकाम्या बाटलीत सलाइनमध्ये घालून, दुपारच्या उन्हात मोटारसायकलच्या डिकीतून आलेले तुकडे मी वर्षानुवर्षे पाहिले. असा तुकडा कुजू लागतो आणि मग कोणत्याही तपासणीत धड रंग घेत नाही. बाजारात मिळणारे फॉर्मलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग, असे द्रावण तुकड्याच्या निदान दहापट हवे आणि तुकडा काढल्या काढल्या त्यात बुडला पाहिजे. सोबतच्या फॉर्मवर वय, बाजू, गाठ किती दिवसांची, किती वाढली, काखेत काही लागते का, आधी कुठला आजार होता का आणि कोणती औषधे चालू आहेत, एवढे लिहायला दोन मिनिटे लागतात. 'स्तनातील गाठ, रिपोर्ट द्यावा' एवढ्यावर आम्ही निदान करावे अशी अपेक्षा असते, आणि माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक चुकांचे मूळ अशा रिकाम्या फॉर्मात सापडले.

औषधांचा उल्लेख मी मुद्दाम केला. आपल्या भागात तरुण बायांना ग्रॅन्युलोमॅटस मॅस्टायटिस, म्हणजे स्तनाची एक चिवट सूज, बऱ्यापैकी आढळते आणि तिच्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या दिल्या जातात. क्षयाची शंका घेऊन टीबीची औषधेही सुरू केली जातात. हे दोन्ही आजार खरे आहेत आणि तसे उपचार योग्य ठिकाणी योग्यच आहेत. पण तुकड्याच्या तपासणीआधी स्टेरॉइड दिले आणि गाठ प्रत्यक्षात लिम्फोमाची असली, तर ती काही दिवस विरघळल्यासारखी बसते, कारण लिम्फोमाच्या पेशी स्टेरॉइडने मरतात. सगळ्यांना वाटते गुण आला. महिन्या-दोन महिन्यांनी गाठ पुन्हा वर येते, आणि मधल्या काळात घेतलेल्या तुकड्यात मृत पेशींखेरीज काही मिळत नाही. गरोदरपणात किंवा अंगावर पाजत असताना दोन्ही स्तन एकाएकी दगडासारखे फुगले आणि प्रतिजैविकांनी आठवड्याभरात उतार पडला नाही, तर दूध साचल्याचे समजून बसू नये. बर्किट लिम्फोमा हा अतिशय वेगाने वाढणारा प्रकार याच काळात दोन्ही स्तनांत उद्भवल्याची उदाहरणे वैद्यकीय वाङ्मयात पुरेशी आहेत. तो दुर्मीळांतला दुर्मीळ, पण दिवसांच्या हिशेबाने वाढतो.

आता त्या तपासणीविषयी, जी १९९६ मध्ये माझ्याजवळ नव्हती. इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री असे तिचे लांबलचक नाव आहे आणि रिपोर्टावर आयएचसी असे लिहितात. पेशीच्या अंगावर कोणती प्रथिने आहेत ते ठरावीक प्रतिपिंडे लावून, तपकिरी रंग उमटवून पाहायचे, असे तिचे स्वरूप. स्तनाच्या गाठीत ईआर, पीआर (दोन्ही संप्रेरकांची ग्रहणस्थाने) आणि हर-टू (पेशीच्या वाढीशी संबंधित प्रथिन) या तीन तपासण्या आता जवळजवळ सगळीकडे होतात, आणि नेमका इथेच एक नवा खड्डा तयार झाला आहे. लिम्फोमाच्या गाठीवर या तिन्ही तपासण्या लावल्या तर त्या सहसा नकारार्थीच येणार, कारण त्या पेशी स्तनाच्या नाहीतच. पेशी मोठ्या आणि बेढब, तीनही तपासण्या नकारार्थी, की घाईच्या दिवशी रिपोर्टावर ट्रिपल निगेटिव्ह कर्करोग असे उमटायला वेळ लागत नाही. म्हणून पेशी सुट्या दिसत असतील, स्तनाच्या नलिकांत सुरुवातीचा कर्करोग कुठेच सापडत नसेल, तर सायटोकेरॅटिन आणि सीडी-४५ या दोन तपासण्या आधी लावल्याच पाहिजेत, असा माझा तरुण सहकाऱ्यांना आग्रह आहे. सायटोकेरॅटिन अस्तराच्या पेशींत उमटते, लिम्फोमात ते नसते. सीडी-४५ पांढऱ्या पेशींत उमटते. त्यानंतर सीडी-२० आणि सीडी-३ यांनी बी पेशी की टी पेशी ते कळते, आणि पुढे सीडी-१०, बीसीएल-६, मम-१, बीसीएल-२, मिक आणि केआय-६७ यांवरून नेमका प्रकार व वाढीचा वेग. स्तनातल्या लिम्फोमांत निम्म्याहून अधिक डिफ्यूज लार्ज बी सेल या प्रकारचे असतात. बाकीच्यांत सावकाश वाढणारे माल्ट आणि फॉलिक्युलर हे दोन प्रकार मुख्य.

या सगळ्याला पाच-सात दिवस लागतात, पुढच्या जनुकीय तपासण्यांना आणखी काही. घरच्यांना हे दिवस जड जातात, ते मी समजू शकते. "डॉक्टर, तेवढं काढून टाका, जिवाला घोर नको," असे हात जोडून म्हणणारे नवरे आणि मुले मी पाहिली आहेत, आणि त्या दडपणाखाली शस्त्रक्रियेची तारीख देणारे भले सर्जनही पाहिले आहेत. कर्करोग शरीरात आहे हे कळल्यावर त्याला बाहेर काढून टाकावे असे वाटणे हे माणसाचे मन आहे. परंतु पूर्ण निदानासाठी घालवलेल्या आठवड्याने नेहमीच्या कर्करोगातही काही बिघडत नाही, आणि लिम्फोमा असेल तर तो आठवडा बाईचा स्तन, हात आणि पुढचे दोन महिने वाचवतो.

स्तन काढण्याने लाभ होत नाही, हे मी माझ्या एका अनुभवावरून म्हणत नाही. २००७ साली जेनिंग्ज आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध झालेल्या अहवालांतील ४६५ रुग्णांची माहिती एकत्र करून तपासली, तेव्हा स्तन काढलेल्यांचे आयुष्य त्यामुळे वाढले किंवा आजार उलटण्याचे प्रमाण घटले असे दिसले नाही. पुढच्याच वर्षी लसिकाग्रंथींबाहेरच्या लिम्फोमांचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने स्तनाच्या डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमाच्या २०४ रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. नुसती बायोप्सी किंवा गाठ काढणे यांच्या तुलनेत पूर्ण स्तन काढण्याचा फायदा त्यांनाही आढळला नाही. ज्यांना डॉक्सोरुबिसिनच्या गटातले औषध असलेली केमोथेरपी आणि जोडीला किरणोपचार मिळाले, ते अधिक जगले. त्याच आढाव्यात साडेपाच वर्षांच्या मध्यम पाठपुराव्यात ३७ टक्के रुग्णांचा आजार पुढे सरकला होता. १६ टक्क्यांत तो त्याच किंवा दुसऱ्या स्तनात आला आणि ५ टक्क्यांत मेंदू व मज्जासंस्थेत. हे रुग्ण रिटुक्सिमॅब हे औषध येण्याआधीच्या काळातले होते, हे येथे नमूद केले पाहिजे.

रिटुक्सिमॅब बी पेशींवरच्या सीडी-२० या प्रथिनाला जाऊन चिकटते आणि त्या पेशींचा नाश घडवते. अमेरिकेत त्याला १९९७ मध्ये परवानगी मिळाली. सुरुवातीला त्याची किंमत आपल्याकडच्या सामान्य कुटुंबाच्या आवाक्याबाहेर होती. २००७ मध्ये हैदराबादच्या डॉ. रेड्डीज या कंपनीने भारतात तयार केलेले त्याच जातीचे औषध आणले आणि मग चित्र हळूहळू पालटले. आज डिफ्यूज लार्ज बी सेल प्रकारात आर-चॉप ही पाच औषधांची केमोथेरपी दर एकवीस दिवसांनी, बहुधा सहा वेळा देतात. त्यातले एक औषध लालभडक असते आणि त्या दिवशी लघवीही लालसर होते, तिला रक्त समजून घाबरायचे कारण नाही. ते हृदयावर परिणाम करू शकते म्हणून आधी इको काढतात. रिटुक्सिमॅबने शरीरात दबून राहिलेली बी प्रकारची कावीळ उसळू शकते, म्हणून हिपॅटायटिस बीची तपासणी पहिल्या सलाइनआधीच झाली पाहिजे, एचआयव्हीचीही. आजार स्तनापुरताच आहे की आणखी कुठे आहे, हे पाहण्यासाठी पेट-सीटी करतात, गरजेप्रमाणे कमरेच्या हाडातला मगजही तपासतात. केमोथेरपीनंतर त्या स्तनाला तीन-चार आठवडे किरणोपचार देतात, ज्याला गावाकडे अजून लाइट घेणे म्हणतात. मेंदूत आजार उलटू नये म्हणून मेथोट्रेक्सेट पाठीच्या कण्यातून किंवा शिरेतून मोठ्या मात्रेत द्यावे का, याबाबत तज्ज्ञांत एकवाक्यता नाही. जोखीम कुणाला अधिक आहे ते पाहून रुग्णागणिक ठरवावे लागते. पण हा प्रश्न उपचार सुरू होण्याआधी कुणी तरी विचारला पाहिजे, कारण स्तनाच्या लिम्फोमात त्याला खास महत्त्व आहे.

सावकाश वाढणाऱ्या प्रकारांत तर याहूनही थोडक्यात भागते. स्तनापुरता मर्यादित माल्ट लिम्फोमा केवळ किरणोपचाराच्या लहान मात्रेने वर्षानुवर्षे शांत राहतो. शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार असलेला अपवादही एक आहे, तो न सांगणे बरोबर होणार नाही. सौंदर्यासाठी किंवा कर्करोगानंतर बसवलेल्या, खरखरीत पृष्ठभागाच्या सिलिकॉन इम्प्लांटभोवती कित्येक वर्षांनी टी पेशींचा एक लिम्फोमा होऊ शकतो. त्यात बहुधा गाठ नसते, स्तनात एकाएकी पाणी भरून तो फुगतो. ते पाणी तपासून निदान करतात आणि इम्प्लांट त्याच्या भोवतीच्या वेष्टनासह काढतात. बहुतेक रुग्णांना तेवढे पुरते.

काही वर्षांपूर्वी साठीच्या एका बाईंच्या स्तनाचे ट्रूकट तुकडे माझ्याकडे आले. सर्जन तरुण होते. फॉर्म पूर्ण भरलेला होता, गाठ सहा आठवड्यांत दुप्पट झाली असे त्यावर लिहिले होते, आणि शस्त्रक्रियेची तारीखही घरच्यांच्या आग्रहाने ठरली होती. काचेवर तशाच सुट्या पेशी दिसल्यावर मी त्यांना संध्याकाळी फोन केला आणि तारीख पुढे ढकलायला सांगितले. त्यांनी ऐकले, एवढेच नाही तर घरच्यांची समजूतही त्यांनीच घातली. बाईंचा मुलगा मेणाचा ब्लॉक रुमालात गुंडाळून, वरच्या खिशात ठेवून रात्रीच्या एसटीने मुंबईला गेला. सीडी-२० सकारात्मक आला. सहा आर-चॉप आणि किरणोपचार घेऊन त्या बाई बऱ्या झाल्या. बायोप्सीची, तिळाएवढी एक खूण सोडली तर अंगावर व्रण नाही.

संपादक महोदय, पुढच्या ऑक्टोबरच्या पुरवणीत त्या वाक्याच्या जोडीने आणखी एक वाक्य छापावे, एवढी माझी विनंती आहे: शस्त्रक्रियेच्या कागदावर सही करण्याआधी, ट्रूकट तुकड्याचा आयएचसीसह रिपोर्ट आला आहे का आणि त्यात कर्करोगाचा प्रकार नावानिशी लिहिला आहे का, हे विचारा. रिपोर्टात लिम्फोमाची शंका जरी व्यक्त केलेली असली, तरी बाईला आधी सर्जनकडे न नेता रक्ताच्या कर्करोगांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावे. परळचे टाटा रुग्णालय १९४१ पासून आहे, हे सर्वांना माहीत आहे. पण २०१२ पासून नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या रूपाने देशभरातली कर्करोग केंद्रे एकमेकांशी जोडलेली आहेत, आणि आपल्या जवळच्या केंद्रात निदानाची फेरतपासणी होते का, हे विचारायला तालुक्यातून एक फोन पुरतो.

तो ब्लॉक मात्र मागून घ्यावा आणि जपून ठेवावा. बायोप्सीचा तुकडा मेणात बसवून जो चौकोनी ठोकळा करतात तो ब्लॉक. त्याच्यातून पुढे कितीही वर्षांनी नव्या चकत्या काढून नव्या तपासण्या करता येतात, आणि दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घ्यायचे तर नुसत्या रिपोर्टाच्या झेरॉक्सने काम होत नाही. बहुतेक रुग्णांना तो मागता येतो हेच ठाऊक नसते. माझी प्रयोगशाळा बंद करताना जुनी कपाटे आवरली, तेव्हा १९९६ च्या खोक्यात त्या बाईंचा ब्लॉक निघाला. त्या तोवर बऱ्याच वर्षांपूर्वी वेगळ्याच आजाराने वारल्या होत्या. मी त्याच्या दोन चकत्या काढून घेतल्या आणि सीडी-२० साठी पाठवल्या. इतक्या वर्षांनीही त्या पेशींनी लख्ख तपकिरी रंग घेतला.

आपली विश्वासू,
एक निवृत्त पॅथॉलॉजिस्ट,
जि. सातारा